रसाची आंघोळ

मरोळ, अंधेरी
१२ जानेवारी १९५५

प्रिय इनेझ,

देवाच्या दयेने आम्ही सगळे ठीक. तुझ्या पप्पांची कंबर आता बरी असेल आणि मायने धाडलेलं कोलंबीचं लोणचं पोचलं असेल. इकडे भाताची मळणी उरकली. लग्नासाठी पाळलेल्या डुकराला माय माझ्याहून जास्त खायला घालते असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, त्याला घातलेलं दिसतं तरी.

लिहायचं कारण असं, की लग्न ईस्टरनंतर ठेवावं असं मला वाटतं. ईस्टरपूर्वीच्या उपासाचे दिवस लागण्याआधी, फेब्रुवारीतच सगळं आवरायचं म्हणजे फार घाई होते. ओटीचं छप्पर शाकारायचं राहिलंय. बॅण्डवाले ठरलेल्या आठवड्यात मोकळे नाहीत. शिवाय दशरथ टेलरने सूट बिघडवला. त्याने जुन्या मापांवर पॅण्ट कापली, आणि ती आता सगळी उसवावी लागणार.

वाचून पाहिलं तर यातलं एकही कारण तुला पटायचं नाही. छप्पर काही फेब्रुवारीत गळत नाही, आणि बॅण्ड तुझ्या मामाचाच आहे.

दशरथचीही चूक नाही. मापं त्याने मी पहाडावरच्या मोहिमेवर जाण्याआधी घेतली होती आणि तेव्हा ती बरोबर होती. गेल्या आठवड्यात त्याने मांडीला टेप लावली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, परत टेप लावली आणि म्हणाला, "मॅथ्यूभाऊ, पाय कुठं ठेवून आलात?" मी हसलो. तो हसला नाही.

मायने तुमच्याकडे 'मॅथ्यू अजून ड्युटीवर आहे' असा निरोप धाडला होता, तो खोटा. मी नाताळच्या आधीपासून घरीच आहे. निरोप माझ्याच सांगण्यावरून गेला. नाताळच्या मिसेलासुद्धा मी चर्चच्या मागच्या दाराने जाऊन आलो.

विमानतळावरच्या साहेबांनी मला पहाडावर धाडलं ते प्राणवायूच्या सिलिंडरांसाठी, हे तुला ठाऊक आहेच. विमानात असतात तसलेच ते, आणि त्यांचे व्हॉल्व्ह दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम. खालच्या तळावर बसून करायचं ठरलं होतं. पण थंडीने वरच्या तंबूतले व्हॉल्व्ह गळायला लागले, म्हणून मला वर नेलं, आणि मोहीम संपेपर्यंत मी तिथेच राहिलो. चढणाऱ्यांना प्राणवायू भरून द्यायचा आणि आपण तिथली विरळ हवा घ्यायची, असा प्रकार. बाकीचे मधूनमधून खाली जाऊन जेवून-झोपून यायचे. माझी पाळी काही आली नाही. शेवटी शेवटी बूट घालतानाही मला धाप लागायची.

आमच्या बरोबरच्या डॉक्टरांनी मला नीट समजावलं. तेवढ्या उंचीची माणसाला सवय होते, पण फार दिवस राहिलं की तो खंगत जातो. भूक मरते, आणि शरीर आपलेच स्नायू खायला लागतं. मांडीचे स्नायू मोठे, त्यांना प्राणवायू जास्त लागतो, म्हणून ते आधी झडतात असा त्यांचा अंदाज. "घरात दाणे कमी पडले की माणूस खाणारी तोंडं कमी करतो ना, तसंच," ते म्हणाले. खाली आल्यावर हळूहळू भरून येतं म्हणे. मुंबईत छातीचा फोटो काढला, तोही स्वच्छ आहे.

पण रसाच्या आंघोळीला फोटो कोण बघणार? लग्नाच्या आदल्या दिवशी मला उघड्या अंगाने पाटावर बसवतील आणि सगळं गाव येऊन नारळाचा रस चोळील. तुझी एमिलिया मावशी आमच्याच गावात दिलेली, ती सर्वांच्या पुढे असेल. संध्याकाळपर्यंत बोरिवलीला बातमी पोचेल, इनेझच्या नवऱ्याला क्षय झालाय.

आणि खरं सांगू? गावाचं मला काही नाही. मला तुझी भीती वाटते. शेवटी शेवटी तुझ्या इव्हाचे पाय असेच झाले होते. तिच्या खाटेशी बसलेलं तुला मी पाहिलंय. माझे पाय बघून तुला तुझी बहीण दिसली, तर मी काय करू? म्हणून ईस्टर म्हणतो. तोवर माय मला खाऊ घालून उभा करील.

साहेबांनी पुढच्या मोहिमेचं विचारलंय. त्याबद्दल नंतर कधीतरी लिहीन. पप्पांना यातलं काय सांगायचं ते तूच ठरव.

तुला तोंड दाखवायला लाजणारा,
मॅथ्यू

*

एक्सर, बोरिवली
१८ जानेवारी १९५५

मॅथ्यू,

'प्रिय' लिहीत नाही. आधी माझा राग उतरू दे. लोणचं पोचलं, झकास होतं, मायला सांग.

तू घरी आहेस हे मला कळलं होतं. पप्पांचा लग्नाचा कोटही दशरथच शिवतोय, विसरलास? माप घ्यायला आला आणि कोट राहिला बाजूला, तुझेच पाय सांगत बसला. तेव्हापासून मी वाट बघत होते, हा माणूस स्वतः कधी लिहितोय. फार वाईट गेले रे ते दिवस. मला वाटायला लागलं होतं, तुला मीच नकोशी झालेय आणि तोंडावर सांगायची तुझी छाती होत नाही.

इव्हाचं मला सांगू नकोस. तिला आंघोळ मी घालायचे, तिचे रुमाल मी धुवायचे. तुझे पाय बघून मला ती आठवेल म्हणतोस. ती मला रोजच आठवते, त्याला तुझे पाय कशाला लागतात?

पत्र मी पप्पांना वाचून दाखवलं, सगळंच्या सगळं. त्यांनी एवढंच विचारलं, "खोकतो का गो?" मी म्हटलं, तसं काही लिहिलेलं नाही.

"इव्हा पण आधी नव्हती खोकत," असं म्हणून ते बाहेर जाऊन बसले. जेवायलाही आत आले नाहीत. मला वाटलं, संपलं.

सकाळी म्हणाले, "फोटोबिटो मला कळत नाय. त्याला बोल, येत्या आयतवारी अंगणात पाटावर बस. पहिला रस मी चोळनार." आजारात इव्हाच्या पाठीला तेल तेच लावायचे. आपल्या हाताला ते दुखणं कळतं असं त्यांना वाटतं. कळत असेल किंवा नसेलही. पण त्यांना तुला हात लावून बघायचंय, आणि मी नाही म्हणणार नाही.

तेव्हा रविवारी आम्ही दोघं येतोय. नारळ आमच्या वाडीतले आणतो. लग्नाआधी मुलीने नवऱ्याच्या घरी जायचं नसतं हे मलाही ठाऊक आहे. एमिलिया मावशीला पण बोलावलंय. तिला बघायचेच आहेत ना तुझे पाय, मग दिवसाउजेडी, सगळ्यांसमोर नीट बघू दे.

पप्पांचा हात काहीही म्हणो, तारीख बदलणार नाही. हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. ते नारळ उतरवायला माणूस बघायला गेले. लग्न पुढे ढकललं की लोक क्षयच म्हणणार, आणि तो शब्द मला या घराबद्दल पुन्हा ऐकायचा नाही. दशरथला सांग, पॅण्ट घट्ट कर, पण कापड कापू नकोस, आत दुमडून ठेव. वर्षभरात परत सैल करायची आहे.

मोहिमेचं तू 'नंतर कधीतरी'वर टाकलंस. जायचं असेल तर जा, मी आडवी येणार नाही. पण परत आलास की सरळ घरी यायचं, असशील तसा. तेव्हा ते घर माझंही असेल, आणि तू ड्युटीवर आहेस असं मी तिथून कुणाला सांगू देणार नाही.

उपासाआधीच तुझी,
इनेझ