श्वास शिकवणाऱ्या बाईचा श्वास

तीर्थरूप अक्कास,

शिरसाष्टांग नमस्कार. (खरोखर आडवी झाले तर उठवायला कुणीतरी लागतं, म्हणून सध्या कागदावरच घालते.) तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला? माझं विचारू नकोस, सांगतेच. तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

तुला ठाऊकच आहे, फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये मी दीर्घश्वसनाचा वर्ग घेते. पोट त्यावर चालतं. (पोट चालतं, कमी होत नाही.) शिष्य सगळे निवृत्त आणि आज्ञाधारक, आणि माझा नियम एकच: मी करते तसं करायचं, मध्ये प्रश्न विचारायचे नाहीत. परवा सगळ्यांना चटईवर निजवलं, 'अंग सैल सोडा' म्हटलं आणि मीच इतकी सैल सुटले की घोरायला लागले. (हल्ली बसल्याजागी डोळा लागतो, उन्हातही थंडी वाजते. मला वाटायचं, आळस.) (पुढचं मला मागाहून कळलं.) वर्गाला वाटलं, बाईंनी नवा प्रकार काढला. सगळे मन लावून घोरू लागले. मग माझा श्वास थांबला, त्यांनीही थांबवला. मी गचका देऊन घेतला. त्यांनीही गचके दिले. मी पुन्हा थांबले, तेही थांबले. शेवटी निवृत्त पोस्टमास्तर लालबुंद होऊन ओरडले, "बाई, आता सोडू का हो?" तेव्हा मला जाग आली. खालून दुकानदार धावत आलेला, कुणी करवत चालू ठेवली म्हणून! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानेच मला खाली नेऊन विकायच्या सोफ्यावर बसवलं आणि म्हणाला, "ताई, डॉक्टरकडे जा. माझ्या साडूचा श्वासही झोपेत असाच थांबायचा."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली आहे. त्याने वजन चढतं, जीभ-घसा सुजतो, स्नायू ढिले पडतात, आणि चरबीने आधीच अरुंद झालेली श्वासाची वाट झोपेत बंद होते. ग्रंथी मंदावणं आणि झोपेत श्वास अडणं, दोन्ही दुखण्यांत माणूस सारखंच पेंगतं, त्यामुळे एक दुसऱ्याच्या आड लपून बसतं. आता रोज गोळी आणि झोपताना नाकावर यंत्राचा मुखवटा. (नुसत्या गोळीने घोरणं थांबेलच असं नाही, हेही बजावलंय.) श्वास शिकवणाऱ्या बाईला श्वास घ्यायला यंत्र! लाज वाटते ग.

तुझी,
ढोली

ता. क. वर्गाला अजून खरं सांगितलेलं नाही. त्यांना तो प्रकार फार आवडलाय. पोस्टमास्तर घरी बायकोला शिकवतायत. सोमवारी सांगायलाच हवं, नाहीतर कुणाचा तरी जीव घेईन. मग वर्ग राहील न राहील. तू येऊन शेजारी उभी राहशील?

आणखी एक ता. क. सोबत हवी हे अर्धंच खरं. आलीस की तुला माझ्या डॉक्टरीणबाईंकडे नेणार आहे. मागे आलीस तेव्हा आपण एका खोलीत झोपायचो. तू घोरायचीस आणि मध्येच गप्प व्हायचीस. मला वाटायचं, चला, सुटले, आता झोपू. अक्का, तुझं ते गप्प होणं आठवलं की मला आता झोप लागत नाही.