धबधबा न पाहिलेल्या सहलप्रमुखाचे नाव कमी करण्याबाबत

प्रति,
मा. परिक्षेत्र वनाधिकारी,
वर्षावन परिक्षेत्र कार्यालय,
मुख्य फाटकाशेजारी.

विषय : येत्या रविवारच्या एकदिवसीय धबधबा सहलीच्या 'अनुभवी प्रमुख' या रकान्यातून अर्जदाराचे नाव काढून खात्याचा वाटाड्या देण्याबाबत.

संदर्भ : १) नऊ व्यक्तींच्या प्रवेश परवान्यासाठी अर्जदाराचा अर्ज, दि. २.
२) 'वाटेवर झाड पडल्याबाबत' आपणास मिळालेले निनावी पत्र, दि. ७.

महोदया,

संदर्भ क्र. १ चा अर्ज अर्जदाराने दिलेला आहे. संदर्भ क्र. २ चे निनावी पत्रही अर्जदारानेच टाकलेले आहे. हे आधीच सांगून टाकले म्हणजे पुढचे लिहिणे जरा सोपे जाईल.

१. अर्जदार हा सेवानिवृत्त वजनमापे निरीक्षक आहे. एकतीस वर्षे त्याने दुकानदारांचे तराजू तपासले, खोटी मापे जप्त केली आणि वयाने मोठ्या माणसांनाही चारचौघांत सुनावले. ही ओळख मिरवण्यासाठी दिलेली नाही. पुढील मजकूर लिहिताना अर्जदाराला किती लाज वाटत आहे, याचा अंदाज आपणास यावा एवढाच हेतू आहे.

२. परवान्याच्या नमुन्यात रकाना क्र. ६ मध्ये 'प्रमुख या मार्गाने यापूर्वी किती वेळा गेला आहे' असे विचारले आहे. तेथे अर्जदाराने 'अनेकदा' असे लिहिले. खरे उत्तर 'एकदाही नाही' असे आहे. चोवीस वर्षांपूर्वी कार्यालयातील मंडळी धबधब्यास गेली, तेव्हा अर्जदार त्यांच्यासोबत सकाळी नऊ वाजता आपल्या फाटकातून आत गेला होता. पहिल्या ओढ्यावर दोन ओंडक्यांचा साकव होता. बाकीचे गप्पा मारत पलीकडे गेले. अर्जदाराने एक पाय ओंडक्यावर ठेवला, खालचे पाणी पाहिले आणि पाय मागे घेतला. पोटात कळ आल्याचे सांगून तो परतला व दुपारी साडेतीनपर्यंत तिकीट खिडकीसमोरच्या बाकावर बसून राहिला. परत आलेल्या मंडळींपैकी टंकलेखकास त्याची दया आली. "असा कोरडा ठणठणीत घरी गेलास तर वहिनी काय म्हणतील?" असे म्हणून त्याने बाटलीतले उरलेले पाणी अर्जदाराच्या डोक्यावर ओतले.

३. घरी सहा वर्षांची मुलगी तापाने फणफणली होती. बापाचे ओले केस पाहून ती उठून बसली आणि धबधबा केवढा होता ते विचारू लागली. तापातल्या लेकराला 'मी साकवावरूनच परत आलो' असे सांगवेना. अर्जदाराने दोन्ही हात पसरले. ते कमी पडले, तेव्हा धबधब्यामागे एक गुहा घातली आणि तिच्यात बसले की पाण्याच्या पडद्यातून सगळे रान हिरवेगार हलताना दिसते असे सांगितले. मुलगी हसली व कुरकुर न करता औषध प्यायली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, गुहा मात्र राहिली. पुढे दर आजारपणात आणि दर परीक्षेच्या आधी तीच गोष्ट मागितली गेली, आणि दर वेळी गुहेत बसायला सपाट दगड, प्यायला गार झरा अशी भर पडत गेली. अर्जदाराच्या पत्नीस खरे पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. "पोर जाणती व्हायच्या आत सांगून टाका हो," असे ती सांगत आली. पोर जाणती झाली, नोकरीला लागली, लग्न होऊन दुसऱ्या घरी गेली, पण अर्जदाराला काही मुहूर्त सापडला नाही.

४. अर्जदार निवृत्त झाल्याच्या आनंदाप्रीत्यर्थ मुलीने ही सहल ठरवली. तीन संध्याकाळी तिच्या जेवणाच्या टेबलावर बैठका झाल्या. सकाळी सहाला निघायचे, चारच्या आत फाटकाबाहेर यायचे, जळवांसाठी मीठ घ्यायचे, प्रत्येकी मोज्यांचे दोन जोड. दोरी जावई आणणार. व्याह्यांनी दोन्ही गुडघ्यांना पट्टे विकत घेतले. प्रत्येक प्रश्न अर्जदारास विचारण्यात आला आणि त्याने एकाही प्रश्नाला 'माहीत नाही' असे उत्तर दिले नाही. "दुसऱ्या ओढ्यानंतर जरा चढ आहे, पण तुम्हाला झेपेल," असे त्याने व्याह्यांना छातीठोकपणे सांगितले. वर जुन्या कॅलेंडरच्या पानामागे लाल पेन्सिलीने नकाशाही काढून दिला. मुलीने त्याच्या नऊ प्रती काढून प्लास्टिकमध्ये पक्क्या करून घेतल्या. म्हणजे आता धो धो पावसातही अर्जदाराचे खोटे भिजणार नाही.

५. संदर्भ क्र. २ चे पत्र या घाबरगुंडीतून लिहिले गेले. वाट बंद झाली की सहल रद्द होईल आणि झाकली मूठ झाकलीच राहील, असा हिशेब होता. आपले दोन वनरक्षक पडत्या पावसात दिवसभर ते झाड शोधत होते असे नंतर कळले. त्यांची क्षमा मागण्यास अर्जदार खिडकीपर्यंत आला होता. तेथील लिपिकाने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि "काका, अक्षर छान आहे तुमचं, लपत नाही," एवढेच म्हटले. अर्जदार क्षमा न मागताच परत गेला.

६. गेल्या रविवारी सामानाच्या यादीवर खुणा करताना मुलीने हसत हसत सांगितले की, गेल्या वर्षी ती कोणाला न सांगता दोनदा धबधब्यावर जाऊन आली आहे. बाबांची गुहा पाहायची होती. पहिल्या वेळी गुहा सापडली नाही. दुसऱ्या वेळी ती शेवाळलेल्या खडकांवरून थेट पाण्यामागे शिरू लागली, घसरली आणि मनगट मोडून घेतले. घरी मात्र कार्यालयाच्या जिन्यावरून पडल्याचे सांगितले. अर्जदाराने तेव्हा त्या जिन्याविरुद्ध इमारतीच्या व्यवस्थापकाकडे तीन पानी तक्रार केली होती. मुलगी पुढे म्हणाली, "मीच कुठेतरी चुकले असणार. तुमचं कसं चुकेल? म्हणून तर या वेळी तुम्ही पुढे आणि मी मागे." सगळ्यांनी माना डोलावल्या. अर्जदारानेही डोलावली.

महोदया, तिने जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तेथे गुहा नव्हती. तरी तिने आपले डोळे खोटे ठरवले, बापाला नाही. अर्जदाराने नोकरीत पुष्कळ खोटी मापे पाहिली, पण इतक्या विश्वासाने घेतलेले माप पाहिले नाही. रविवारी अर्जदाराने नुसते 'उजव्या अंगाला बघ' म्हटले तरी ती पुन्हा त्या खडकांवर चढेल आणि बाकीचे तिच्यामागून जातील.

७. परवानाच नाकारावा, अशी विनंती करणारा एक मसुदा अर्जदाराने लिहिला होता. तो त्याने फाडला. परवाना नाकारला तर दोष आपल्या कार्यालयाच्या माथी जाईल, गुहा शाबूत राहील आणि मुलगी कधीतरी तिसऱ्यांदा एकटी जाईल. सबब विनंती अशी की,

(अ) रकाना क्र. ६ मधील 'अनेकदा' खोडून 'एकदाही नाही' असे लिहावे. खोडलेले दिसू द्यावे.
(आ) खात्याचा वाटाड्या द्यावा आणि धबधब्यामागे गुहा नाही हे त्याने निघतानाच सर्वांना मोठ्याने सांगावे. अर्जदार तेथे असला तरी सांगावे.
(इ) अर्जदाराचे नाव यादीत शेवटी, प्रथमच येणारा म्हणून ठेवावे. मुलीने ते काढण्यास सांगितल्यास काढावे.
(ई) साकव अद्याप ओंडक्यांचाच आहे काय, ते कृपया कळवावे.

आपल्या दोन वनरक्षकांचाही अपराधी,
(सही)
अर्जदार

दि. १४

सोबत : १) मूळ नकाशा, कॅलेंडरच्या पानासह.
२) प्लास्टिकमधील प्रती, आठ. नववी मुलीच्या पिशवीत असल्याने हाती लागली नाही.
३) जिन्याविरुद्धच्या तक्रारीची प्रत. ती मागे घेतली असे समजावे.

प्रत माहितीसाठी : अर्जदाराची मुलगी.
(समोर बसून सांगण्यासाठी अर्जदार सोमवारपासून तीनदा तिच्या घरी गेला. तिन्ही वेळा तिने नकाशा पुढे केला आणि अर्जदार बोट ठेवून वाट दाखवू लागला. म्हणून ही प्रत आज सकाळी तिच्या दाराखालून आत सरकवली आहे. आपला निर्णय शनिवारपर्यंत आला तरी चालेल. तिचा अजून आलेला नाही.)