पावडरचा अर्धाच प्रयोग

प्रिय वंदनाताई,

तुझ्याशी भांडायचंय आणि तू नाहीस, म्हणून लिहितेय. आज आपल्या रबाळ्याच्या टेस्ट लॅबमध्ये कंपनीची पंपाची पावडर घ्यायला ग्राहक आले होते. त्यांना अर्धाच प्रयोग दाखवायचा हुकूम होता.

मी नवीन असताना तू मला काचेतून पंप दाखवलास, आठवतं? पाणी जोरात पळतं, दाब घसरतो, बुडबुडे उठतात आणि पंख्यावर फुटून धातूला खड्डे पाडतात. तू पाण्यात चिमूटभर पॉलिमरची पावडर विरघळवलीस, आणि खडखडाट थांबला. मी टाळ्या वाजवल्या. तू म्हणालीस, "थांब गो, बंद करू नको. पुरचं बघ." तेच पाणी फिरत राहिलं, पावडरच्या रेणूंच्या लांब साखळ्या पंपातच तुटत गेल्या आणि बुडबुडे परत आले.

हे पुढचंच साहेबांना नको होतं. "जाहिरातीत फक्त चांगलं सांगायचं," म्हणाले. तू ऐकलं नाहीस, तर तुला लॅबमधून काढून स्टोअरमध्ये बसवलं.

आणि तू? छातीत दुखत असताना दिवाळे गावाहून रोज येत राहिलीस. डॉक्टरकडे जा म्हटलं की म्हणायचीस, "मी घरी बसले तं या साहेबांना तेच पायजेल हाय." शेवटी त्या स्टोअरमध्येच हार्ट अटॅक आला. कुणाला दाखवत होतीस गं? त्यांच्यावरच्या रागापायी स्वतःचा जीव घालवलास. शोकसभेत तेच साहेब तुला "कंपनीचा आधार" म्हणाले.

आज पावडर टाकली, पंप शांत झाला. साहेब म्हणाले, "बस, सुजाता. बंद कर."

"चालू दे सर. वंदनाताईंची टेस्ट इथं संपत नाही."

साहेब आधी हसले, मग ओरडले. ग्राहकांतल्या एक बाई म्हणाल्या, "राहू दे चालू. बघू."

हळूहळू काचेत पांढरे बुडबुडे दिसले. मग पाइपातून खडी वाहावी तसा आवाज सुरू झाला.

"हे आम्हाला आधी का नाही सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"सांगणारीला स्टोअरमध्ये बसवलं होतं," मी म्हणाले.

ऑर्डर गेली. माझी नोकरीही जाईल. जाऊ दे, तळोज्यात शोधेन दुसरी.

एक मात्र सांगते. लढेन, पण तुझ्यासारखी मरणार नाही. उद्या सकाळी आधी डॉक्टरकडे छाती तपासून घ्यायला जाणार आहे, मग ऑफिसला. तुला पटो न पटो.

तुझ्यावर अजून चिडलेली,
सुजाता