तुझ्याशिवाय पाहिलेलं फ्रान्समधलं गाव

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली, आणि आज सकाळी तुझ्या नातीने कॉफी पिता पिता विचारलं, "मॉम, आजी आपल्याबरोबर नव्हती आली, पण तिने कधी फ्रान्स बघितलं होतं का?" मी म्हटलं, "नाही, तिला जमलं नाही." ती ऑफिसला गेली. अमेरिकेतल्या शुगर लँडच्या या किचनमध्ये मी तेव्हापासून बसून आहे.

नागपूरच्या शाळेत तू तीस वर्षं फ्रेंच शिकवलंस, पण तो देश कधी पाहिला नव्हतास. मी तुझ्याच वर्गात होते. घरी आई, वर्गात मॅडम. आठवीत मला तिकडचा 'र' जमेना, तेव्हा तू मला फळ्यापाशी उभं केलंस आणि अख्खा तास तेवढाच उच्चार करायला लावलास. "हिच्या तोंडात जीभ नाही, चपलेचा तळ आहे," तू म्हणालीस. सगळा वर्ग हसला. संध्याकाळी तू माझ्या आवडीची भरली वांगी केलीस.

तू इथे सहा महिने राहायला आलीस, तेव्हा आपली फ्रान्सची ट्रिप ठरलेली होती. पॅरिस नाही, एक लहानसं खेडं. अक्रोडाच्या बागा, दगडी घरं, जुनं चर्च, गुरुवारचा बाजार. तू निघण्याआधी मुद्दाम मुंबईला जाऊन व्हिसा घेतला होतास. पोळ्या लाटताना तू वाक्यं घोकायचीस: हे चीज शेळीच्या दुधाचं का? हे चर्च कोणी बांधलं? आणि मध्येच माझा उच्चार सुधारायचीस, माझ्या नवऱ्यासमोर, मुलीसमोर.

निघायला आठवडा असताना मी तुझं तिकीट कॅन्सल केलं. तुझ्या गुडघ्यांना झेपणार नाही, असं सांगितलं. तुझे गुडघे तपासणारे डॉक्टरकाका तर म्हणाले होते, "आईंना खुशाल घेऊन जा." ते मी तुला सांगितलं नाही.

"मी हळू चालेन गं," तू म्हणालीस. "चर्चमध्ये बसून राहीन, तुम्ही फिरून या."

"आई, तुझं फ्रेंच पुस्तकातलं आहे. तिथे कुणाला कळायचंसुद्धा नाही."

तव्यावरची पोळी करपली. ती तू स्वतःच्या ताटात घेतलीस. मग ऑगस्टच्या उकाड्यात दहा दिवस या घरात एकटी राहिलीस. गाडी चालवता येत नव्हती, जाणार कुठे? समोरच्या काकू तेवढ्या डोकावून जायच्या.

तिकडे बाजारात चीज विकणाऱ्या म्हातारीला मी तुझंच वाक्य म्हटलं. तिला लगेच कळलं. किती शुद्ध बोलता, म्हणाली, कोणी शिकवलं? मी म्हटलं, फोनवरच्या ॲपवर शिकले. त्याच दिवशी तू फोनवर विचारलंस, "कळलं का गं कुणाला?"

"इथे सगळे इंग्लिशच बोलतात," मी म्हटलं.

"बरं," तू म्हणालीस. "जेवलात ना?"

त्यानंतर तू माझ्यासमोर फ्रेंचचा एक शब्द बोलली नाहीस. नागपूरला परतलीस आणि मार्चमध्ये गेलीस.

मुलीला हे सांगता आलं असतं. चूक झाली म्हटलं की माणसं समजून घेतात. पण तिने पुढचं विचारलं असतं, तिथे तुला आजीची आठवण आली का, तर? त्या गावात मी वाटेल तसे उच्चार केले, बदकाचं मांस खाल्लं, नदीत पाय सोडून तासन्‌तास बसले. तुझी आठवण यायला हवी होती. फार मजा आली, आई.