दोन हिसके

विशाखापट्टण
ता. ९ नोव्हेंबर २००३

दादा,

नमस्कार मागाहून करतो, आधी भांडण. कौल लावायच्या आधी कोणाला विचारलंस? देवाला विचारलंस, गुरवाला विचारलंस, वाडीतल्या चार जाणत्यांना विचारलंस. ज्याच्याबद्दल विचारायचं तो घरात ओसरीवर पडलेला, त्याला नाही विचारलंस. आणि मला पत्रात चार ओळी. "बाबा आत आसत काय नाय ह्येचो कौल लावलो. पाकळी डावी पडली, म्हंजे नाय. तेजस्वीक बघूक पावणे येतले, म्हणान बाबांका मांगरात हलवलंव. मनाक लावन घेव नको."

घेतलं लावून. मांगरात आपण जाळी ठेवतो, दादा. फुटकी वल्ही ठेवतो.

तू म्हणशील, लांब बसून बोलणं सोपं. गू-मूत वहिनी काढते, कूस तू बदलतोस, मी फक्त मनीऑर्डर करतो. खरं आहे. अंगावरून वारं गेलं त्याला डिसेंबरात वर्ष होईल, त्यातले आठ महिने मी इथे. तरी बोलणार.

आता नमस्कार. वहिनीला सांग, तिने दिलेलं सोलांचं पुडकं संपलं. तेजस्वी माझीही बहीण आहे, तिचं जमलं तर मला आधी कळवा. मी बरा आहे. धक्क्यावर लोखंडाची माती भरतो, रेडी बंदरात भरायचो तीच, फक्त बोट चौपट मोठी. संध्याकाळी आम्ही सगळे नखशिखांत लाल. कोण कोणता ते ओळखू येत नाही. एकदा हौदात वाकलो तर पाण्यात एक लाल माणूस दिसला, मी त्याला वाट द्यायला बाजूला झालो. हसू नको.

एक गोष्ट सांगतो, ती मात्र नीट वाच.

माझ्याबरोबर आलेले रेडीचे दोघे पावसाच्या आधीच परत गेले, हे तुला ठाऊक आहे. तेव्हापासून इथे माझी भाषा कोणाला येत नाही, मला त्यांची येत नव्हती. महिना दोन महिने ते माझ्याशी खुणा करायचे. मग तेही सोडलं. माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल बोलायचे आणि हसायचे, खांबासमोर बोलावं तसे. मी गप्प जेवायचो. पण कान काय बंद होतात? शब्द एकेक करून आत साचत गेले आणि एक दिवस कळायलाच लागलं. तेव्हा कळलं, आमचा भटारी रोज काय म्हणतो ते. म्हणतो, "तळाचा करपलेला ह्या बैलाला वाढ, ह्याला काय समजतंय." अरे, मी इतके महिने तो भात खाल्ला. मला वाटायचं या मुलखातला भातच असा!

तरी मी कोणाला सांगितलं नाही. मग गेल्या महिन्यात जेवताना एकजण बोलला, "मुकादमाचं पोट वेळेवर कामाला येतं, मुकादम मागून दहा मिनिटांनी." आणि मला हसू आलं. फस्सकन. भात नाकात गेला. दादा, सगळ्या पंगतीचे हात ताटात थांबले. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. कोणीतरी हळूच म्हणाला, "अरे, ह्याला कळतं." सात महिने मी काय काय ऐकलं असेल ते जो तो मनात आठवत होता. भटाऱ्याने उठून वरचा पांढरा भात वाढला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

मी तोच होतो. आदल्या दिवशीही आत मीच होतो. एका हसण्याने त्यांच्या लेखी माणूस झालो.

त्या दिवसापासून डोकं फिरलंय. वाटतं, माझ्या आत मी आहे हे मला ठाऊक. तुझ्या आत तू आहेस हे मला कसं ठाऊक? तू "गुरु, जेवाक ये" म्हणतोस, म्हणून. आवाज येतो, हात हलतो, तेवढ्यावर मी धरून चालतो. आत उतरून कोणी बघितलंय? रापणीचं जाळं ओढताना दुसऱ्या टोकाची माणसं कुठे दिसतात आपल्याला? मधे अर्धा किनारा. पण दोरीला ओढ लागते आणि आपण म्हणतो, ती आहेत. बाबाच सांगायचे, "दिसाक नाय तरी चलात, दोरी सांगता." वाऱ्यात हाका ऐकू येत नसत तेव्हा आपल्या रापणीतली खूण होती ना? एक हिसका म्हणजे ओढा. दोन म्हणजे थांबा.

पाकळी ओल्या दगडावरून घसरली की आपण म्हणतो देव बोलला. माणसाचं बोट हललं की म्हणतो शीर उडाली.

बोट हललं होतं, दादा.

तू म्हणशील कधी. मार्चमध्ये. तू ओरोसला कागद करायला गेला होतास, वहिनी बाजारात मासे घेऊन. दुपारची वेळ. आदल्या दिवशी तू बाबांच्या उशाशी उभा राहून म्हणाला होतास, "ह्यो आता लाकूड. आत कोण नाय." वहिनी म्हणाली, "असां बोलू नको हो, त्येंका आयकाक येता." तू म्हणालास, "आयकाक येता तर उठान पेज मागू दे." ते माझ्या डोक्यात होतं. मी त्यांचं बोट माझ्या मुठीत धरलं आणि म्हटलं, "बाबा, आसस तर ओढ." बराच वेळ काही नाही. मग एक हिसका. डोळे वर कौलांकडेच.

मी घाबरलो. हात सोडायला हवा होता. पण मी विचारलं, "मुकादम माका लांब न्हेता. जाव मी?"

दोन हिसके.

म्हणजे थांब. माझ्याइतकं ते कोणाला कळणार?

चार दिवसांनी ओरोसच्या डॉक्टरांनी तुझ्यादेखत विचारलं, "हात धरल्यावर काही प्रतिसाद देतात का? देत असतील तर रोज दोन-तीन तास कोणीतरी बसून बोलायला हवं, बोटं चालवायला हवीत. आशा आहे." तू माझ्याकडे बघितलंस, कारण जवळ मीच बसायचो. ते कोणीतरी म्हणजे मीच, हे मला लगेच कळलं. तू समुद्रावर, वहिनी बाजारात, तेजस्वी दिवसभर काजूच्या कारखान्यात. उरलो मी. मी तिसऱ्या दिवशी निघणार होतो. रेडीचा मला कंटाळा आला होता, दादा, सगळ्याचाच. मी म्हटलं, "नाही साहेब. काहीच नाही."

तेव्हापासून मी स्वतःला सांगत आलो की शीर उडाली असेल. एकदा एक, मग दोन. तूच सांग, शीर मोजून उडते?

म्हणजे तुझा कौल डावा पडला त्यात देवाची चूक नाही, तुझीही नाही. मी आधीच डावी देऊन गेलो होतो.

पाहुणे येऊन जाईपर्यंत थांबू नको. हे पत्र मिळाल्या दिवशी बाबांना ओसरीवर आण. पाहुण्यांना बघू दे, पोरीला बाप आहे म्हणून. बोट मुठीत धर आणि विचार. घाई करू नको, फार वेळ लागतो. आणि काही नाहीच हललं तर तुझ्यावर रागावले असतील असं समज, मेले असं समजू नको. आठ महिने लाकूड म्हणवून घेतल्यावर मीही लगेच बोललो नसतो.

हे पत्र त्यांच्यासमोर मोठ्याने वाच. खोटं बोललो ते सुद्धा. गाळू नको.

पंधरा दिवसांत पोचतो. मला घरात घ्यायचं की नाही ते त्यांना विचारून ठेव, तुला नाही विचारत.

पळून गेलेला,
गुरुदास

या खेपेला बाराशे नाहीत. तिकीट काढलं. मनीऑर्डर केली आहे रुपये दोनशे साठ.