मागच्या सीटवर कोण होतं?

प्रिय दादा,

उद्या तुझा दोस्त प्रशांत आपल्याकडे जेवायला येतोय. मीच बोलावलंय. हसतोयस ना? तू गेल्यापासून वर्षभर मी त्याचा एकही फोन घेतला नाही, आणि आईलाही घेऊ दिला नाही. तो समोर येऊन बसायच्या आधी मला तुझ्याशी बोलायचंय, म्हणून लिहायला बसले. मी तुझ्यावर रागावलेय, हे आधीच सांगून ठेवते.

पहिला संशय आला तो तुझ्या तेराव्याला. आईने प्रशांतला विचारलं, "नेमकं काय झालं रे?" तो खाली बघत म्हणाला, "कुत्रं आडवं आलं, काकू. महेश पुढे होता, मी गण्याच्या गाडीवर मागे बसलेलो. खडीवर गाडी सरकली." थोड्या वेळाने मामीने तुमच्या त्रिकुटातल्या गण्याला गॅलरीत गाठून तेच विचारलं. दादा, त्यानेही शब्दन् शब्द तेच सांगितलं! आडवं आलं, पुढे होता, सरकली. डोळ्यांसमोर मित्र गेलेला माणूस असा पाठ केल्यासारखा बोलतो का रे?

आणि प्रशांतचा हात गळ्यात बांधलेला होता. का, तर म्हणे तुला उचलताना खांदा लचकला. पुढे रस्त्यात दिसला तेव्हाही बांधलेलाच. लचकलेला खांदा दीड महिना बांधून ठेवतात?

मग तुझी बाइक टेम्पोतून घरी आली. डावा आरसा फुटलेला, उजवा शाबूत. मी सहज सीटवर बसले आणि आरशात बघितलं, तर मागचा रस्ता अगदी बरोबर दिसला. उतरून पुन्हा बसले, तरी तेच. तुझ्या गाडीवर बसलं की मला आरशात कायम आभाळ दिसायचं. तू सहा फुटी, मी ही एवढीशी! वर्तकनगरातल्या बायकांना मी रोज स्कूटर शिकवते. पहिल्या दिवशी पहिलं काम काय, तर आरसा आपल्या उंचीला लावून घ्या. तुझ्या गाडीचा आरसा माझ्या उंचीच्या कुणीतरी लावला होता. प्रशांत माझ्याच उंचीचा.

मागे बसणाऱ्याचे पायटेकेही दोन्ही बाजूंनी उघडे होते.

म्हणजे गाडी प्रशांत चालवत होता आणि तू मागे होतास. यांनी पाडलं तुला, आणि वर नाव तुझंच लावलं! मी गण्याला फोन केला. तो म्हणाला, "जाऊ दे ना वैशू, झालं ते झालं," आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून मी प्रशांतला दादा म्हणायचं बंद केलं. एकदा तो बिल्डिंगखाली येऊन उभा राहिला तर वरून ओरडले, "परत इथे दिसलास तर पोलिसांत जाईन!" त्याने वर बघितलं आणि निघून गेला. तेही मला संशयास्पदच वाटलं. निर्दोष माणूस भांडला नसता?

काय काय नाही आलं माझ्या डोक्यात! प्यायले असतील. पैज लावली असेल. तुमचं भांडण झालं असेल. क्लासमध्ये कुणी ब्रेक उशिरा दाबला की मी उगाच ओरडायला लागले. दोन बायका क्लास सोडून गेल्या.

यंदा पाऊस संपल्यावर मी तुझी गाडी दुरुस्त करून घेतली. आईला सांगितलं, कल्याणला क्लास आहे. खोटंच. आणि रविवारी एकटी निघाले, तुम्ही गेलात त्याच वाटेने. कल्याण, शहाड, मुरबाड, आणि पुढे आत वळल्यावर डांबर संपून नुसती खडी. दादा, तुम्हाला दर रविवारी यात काय मजा यायची रे? हँडल हातात ठरत नव्हतं. धुळीने दात करकरत होते. पण एका वळणावर खाली कापणी झालेली भातखाचरं दिसली, वारा आला, आणि दोन मिनिटं मला बरं वाटलं. त्याचाही राग आला मला.

तुझ्या अपघाताच्या जागेच्या थोडं अलीकडे एक चहाची झोपडी आहे. तिथल्या मावशींना मी मोबाइलमधला तुझा फोटो दाखवला.

"ह्यो उंच पोरगा? आला व्हता ना! तुझा कोन गो तो?"

"भाऊ."

त्या चुलीपुढून उठून माझ्याजवळ आल्या. "त्याला पानी पाजलं मी. हात थरथरत व्हते त्याचे. तो बुटका त्याचा दोस्त सांगत व्हता, जीपनं जाऊ, जीप बघू. पन तुझा भाऊ हसला न् गाडीवर मागं जाऊन बसला."

"मागे? नक्की मागे?"

"मागंच गो. बुटका चालवत व्हता."

माझं खरं ठरलं होतं! पण जिंकल्यासारखं काही वाटलं नाही. हात का थरथरत होते तुझे? ते मी वर्षभरात एकदाही कल्पनेत आणलं नव्हतं.

तिथून मी थेट ठाकुर्लीला गेले, प्रशांतच्या घरी. त्याने दार उघडलं. मला बघितलं, मागे जिन्याशी उभी केलेली तुझी गाडी बघितली, आणि म्हणाला, "कळलं तुला."

"गाडी तू चालवत होतास."

"हो."

"एवढंच? हो?"

"बस आधी, वैशू. पाणी पी."

मी बसले नाही. तो कपाटाकडे गेला आणि स्वेटरच्या घडीखालून एक फाइल काढून माझ्या हातात दिली. तुझं नाव. मेंदूच्या डॉक्टरांचे कागद, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, आणि शेवटी तुझ्या अक्षरातला एक कागद. कधी फिट आली, कुठे आली, किती वेळ होती. सहा नोंदी, आणि त्यातल्या चार नोंदींपुढे लिहिलेलं, "प्रशांत होता."

मग मी बसले.

तू शाळेची व्हॅन चालवायचं सोडून गोदामात नोकरी का धरलीस, ते मला त्या कागदावर कळलं. पहिल्या फिटनंतर दुसऱ्याच दिवशी व्हॅन सोडलीस. "लहान पोरं असतात रे मागे," असं म्हणालास म्हणे प्रशांतला. आणि मी काय म्हणाले होते, आठवतं? "तुला कष्टच नकोत. गोदामात खुर्चीवर बसायला मिळालं की झालं!" तू नुसता हसलास. एक शब्द तरी बोलायचास की रे!

रविवारी सकाळी तू गाडी बंद ठेवून गेटबाहेर ढकलत न्यायचास. आवाजाने आईची झोपमोड नको, म्हणायचास. केवढं कौतुक वाटायचं मला! खरं तर कोपऱ्यावर प्रशांत उभा असायचा, आणि तिथून चालवायचा तो.

"मग पोलिसांना, आम्हाला खोटं का सांगितलंत?" मी विचारलं.

"त्याने शपथ घातलेली. काकूंना कळता कामा नये. तुमचा मामा असाच गेला ना."

आईचा धाकटा भाऊ फिट येऊन विहिरीत पडला होता. आई काठावरच होती. ते तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा येऊ नये, एवढंच तुला हवं होतं, हे मला समजतं. पण दादा, मी कोण होते तुझी? मलाही नाही सांगायचं?

प्रशांत खुर्ची ओढून माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, "खोटं नाही सांगत आता. मला भीतीपण वाटलेली. गाडी माझ्या हातात होती. मागे तो एकदम ताठ झाला, मला घट्ट धरलं आणि एका बाजूला गेला. मला सावरता नाही आलं. माझं खांद्याचं हाड मोडलं, आणि तो... त्याची छाती दगडावर आली. पोलिसांनी विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, महेश चालवत होता. त्यात त्याची शपथ किती आणि माझी भीती किती, मलाच माहीत नाही गं. चहाच्या झोपडीत त्याचे हात थरथरताना दिसत होते, मी त्याच्या हसण्यावर जायला नको होतं. जीप बघायला हवी होती."

मला त्याची कीव आली नाही. खोटं कशाला लिहू? मी अजूनही त्याच्या प्रत्येक वाक्यात फट शोधत होते. पण हे भीतीचं त्याने सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मी कधीच पकडू शकले नसते. तरी त्याने सांगितलं.

निघताना म्हणाला, "पोलिसांत चल म्हणालीस तर येतो."

मी म्हटलं, "आधी रविवारी घरी ये. आईला तूच सांग."

आज सकाळी मी आईला म्हटलं, "उद्या प्रशांत जेवायला येतोय. त्याला काहीतरी सांगायचंय तुला." आई पालेभाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "महेशला फिट यायची, तेच ना?"

मी तिच्यासमोर खाली बसले.

"उशीच्या अभ्र्यावर रक्त असायचं त्याच्या. जीभ चावायचा झोपेत. विचारलं तर म्हणायचा, दात दुखतोय. माझ्या भावाच्या उशीलाही तसंच असायचं."

"मग बोलली का नाहीस, आई?"

"तो माझ्यापासून एवढं जपून लपवत होता, वैशू. म्हटलं, स्वतःहून सांगेल."

मग ती रडली. वर्षभरात पहिल्यांदा, मोठ्याने. मीही.

बघ दादा, तू तिला वाचवत होतास, ती तुला वाचवत होती, प्रशांत तुझी शपथ सांभाळत होता, आणि मी आरशात चोर शोधत होते. एकानेही दुसऱ्याला समोर बसवून विचारलं असतं तर? ते डॉक्टर, त्या गोळ्या, तो रविवार, सगळं वेगळं झालं असतं का? कुणास ठाऊक. हा प्रश्न मात्र माझ्याकडून सुटत नाहीये.

उद्या मी दोघांच्या मध्ये बोलणार नाही. आई विचारेल ते विचारेल, तो सांगेल ते सांगेल. त्यानंतर पोलिसांत जायचं की नाही, ते आम्ही तिघं मिळून ठरवू. आणि तुला एक वचन देते. यापुढे माझ्या माणसाचं काही खटकलं, तर मी त्याच्याच समोर जाऊन बसेन आणि त्यालाच विचारीन. तो हसला, तरी उठणार नाही.

तुझ्यावर अजून थोडी रागावलेली,
तुझी वैशू