तिसरी मेणबत्ती

३ मार्च
आईसाठी जादा उशी शोधायला माळ्यावर चढले आणि खोक्यात तो सापडला — दादाचा आणि माझा व्हिडिओ गेम! आईच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीला जोडला. चालतोय. पाणीपुरवठ्याच्या पडक्या इमारतीखाली कोंडलेली चिचुंद्री. एका वेळी एकच खोली दिसते. सूचना नाहीत, शब्द नाहीत. चाकं फिरवायची, पाणी चढवायचं-उतरवायचं, बाहेरचं दार शोधायचं. आम्हाला ते कधीच सापडलं नाही.

५ मार्च
सुरुवातीला तीन मेणबत्त्या दिसतात. जिथवर खेळलो ते त्यांत साठून राहतं. पहिली दादाची, दुसरी माझी. तिसरीही पेटलेली असते, हे कधीतरी नंतर लक्षात आलं. मामाने गेम जुन्या बाजारातून आणलेला, म्हणून ती आधीच्या मालकाची, असं दादाने ठरवून टाकलं. वर शपथ घातली, ती उघडायची नाही. उघडलीस तर आपल्या दोघांच्या विझतील. मी सेहेचाळीस वर्षांची बाई. आजही हात तिकडे गेला नाही.

९ मार्च
प्रेसच्या मॅनेजरांचा फोन. प्रेस दुसऱ्या शहरात गेली, त्याला चार महिने झाले. तेव्हाच आईचं खुब्याचं हाड मोडलं आणि मी रजा घेतली. "तीस तारखेपर्यंत तुमची खुर्ची राखून ठेवतो. पुढे माझ्या हातात नाही." एकोणीस वर्षं मुद्रितं तपासली मी तिथे. आठवडाभर तिकडे राहायचं, शनिवारी घरी यायचं — जमेल. फक्त आईजवळ मदतनीस हवी. बायका पुरवणाऱ्या एका संस्थेचा नंबर फोनमध्ये घालून ठेवलाय.
आईला विचारलं.
"परक्या बाईकडून अंग पुसून घेऊ? त्यापेक्षा मला खिडकीतून खाली टाक. तिसरा मजला आहे, काम होईल."
दादाचा परदेशातून फोन. "तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे गं."
त्याचा निर्धास्तपणा माझ्या पायांत अडकलाय.

१२ मार्च
दूध, औषधं, परत. अठरा मिनिटं. जिन्यातच चमच्याने पेला वाजवल्याचा आवाज. "कुठे उलथली होतीस?"

१६ मार्च
दुपारी आईचा डोळा लागला की आवाज बारीक करून खेळते. पाच घंटांच्या खोलीत अडकले. लहानपणी इथेच अडकलो होतो. खोक्यात गणिताच्या वहीतले कागद निघाले, चौकटीचौकटींत आम्ही काढलेले नकाशे. घंटांच्या खोलीवर दादाचं अक्षर — 'इथे काहीतरी आहे. शोध.'
स्वतः गेला निघून. मी शोधतेय.

१७ मार्च
घंटा. घंटा. पाणी डोक्यावरून. पुन्हा पहिल्यापासून.

२१ मार्च
पाणी चौथ्यांदा चढलं, आणि पलंगावरून, डोळे मिटलेलेच —
"आधी मागचा नळ बंद कर. मग वाजव."
"काय म्हणालीस?"
"काही नाही. वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातून ऐकलाय तुमचा तो कटकटाट. भिंतींनाही पाठ झाला असेल."
नळ बंद केला. घंटा वाजवल्या. पाणी उतरलं, भिंत सरकली, मागे नवी खोली!

२२ मार्च
भाजी चिरताना हात थांबला. घंटांच्या खोलीपुढे आम्ही कधी गेलोच नव्हतो. मग आईने ऐकलं कुणाचं?

२७ मार्च
नको ते बोलून बसले. चादर बदलताना आई म्हणाली, कड नीट ओढ, कोपरे नीट खोच, लक्ष कुठे असतं तुझं. मी म्हटलं, लक्ष बाहेर आहे! तुला घराबाहेर पडावंसं कधी वाटलंच नाही, तुला काय कळणार?
ती भिंतीकडे तोंड करून पडली. जेवली नाही. मॅनेजरांना 'जमणार नाही' असं लिहून ठेवलंय. पाठवलं नाही अजून.

२८ मार्च
दुपारी तिसरी मेणबत्ती उघडली. आता विझायला माझं राहिलंय काय?
कुणाचीच विझली नाही.
सत्त्याण्णवपैकी शहाण्णव खोल्या. चिचुंद्री उघड्या दारात उभी. पलीकडे आकाश. त्या मरतुकड्या टीव्हीवर इतकं निळं मी कधी पाहिलं नव्हतं. एकच पाऊल बाकी.
"आहे का अजून तिथेच?"
आई जागी होती. उशीवरून टीव्हीकडे बघत होती.
"तू?"
"तुम्ही शाळेत, बाबा कामावर. दुपार अंगावर यायची गं. घरात दुसरं काय होतं?"
"आणि आम्हाला सांगितलं नाहीस?"
"आई गेम खेळते म्हणून हसला असतात." मग म्हणाली, "सात महिने लागले त्या दारापर्यंत."
"मग बाहेर का नाही गेलीस?"
तिने चादरीची घडी अंगठ्याने सपाट केली. "बाहेर पडलं की खेळ संपणार. मग रोज दुपारी काय केलं असतं मी?"
कालचं माझं वाक्य खोलीतच होतं, आम्हा दोघींच्या मध्ये.

२९ मार्च
सकाळी आईने कंट्रोलर मागितला. एक पाऊल टाकलं. पडदा सगळा निळा झाला, मग काळा. तिने कंट्रोलर माझ्या हातात दिला. मग म्हणाली, "फोन दे." वाटलं, दादाला करणार.
"मदतनीस पाठवा उद्यापासून," ती पलीकडच्यांना सांगत होती. "हो, मुलगी नोकरीवर चाललीये. आणि हे बघा, गार हातांची बाई नको."